पाय लांब करायचाय : बाहेरून रिंग की आतून खिळा?

माझा डावा पाय जन्मापासून आखूड. नडगीच्या शेजारी फिब्युला नावाचं एक बारीक हाड असतं, ते माझ्या डाव्या पायात नीट तयारच झालं नव्हतं. अशा पायात नडगीची वाढ मागे पडते, मांडीचं हाडही थोडं मागे राहतं. २००२ मध्ये मी बारा वर्षांची असताना माझी नडगी बाहेरच्या रिंगांनी, म्हणजे पायाभोवती बसवून तारांनी हाडाला जोडलेल्या धातूच्या कड्यांनी, पाच सेंटीमीटर लांब केली. २०१९ मध्ये मांडीचं हाड आतल्या चुंबकी खिळ्याने चार सेंटीमीटर लांब केलं. दोन्ही पद्धती मी एकाच पायावर अनुभवल्यात, म्हणून ओळखीतून ओळख काढत पालक मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : ताई, रिंग चांगली की खिळा?

मी आधी त्यांनाच विचारते. हाड कुठलं? वय किती? पायात पूर्वी कधी पू झाला होता का? हाड नुसतं आखूड आहे की वाकडंही आहे? आणि दिवसातून चार वेळा या कामाला बसेल असं घरात कोण आहे? या पाच उत्तरांनंतर बहुतेक वेळा निवडायला फारसं काही उरतच नाही. खिळा दिसत नाही म्हणून तो सोपा आणि रिंग दिसायला भयंकर म्हणून ती जुनाट, असा समज घेऊन लोक येतात. तो समज घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर चुकीच्या गोष्टीवर हट्ट धराल.

आधी फरक मोजा

टेपने मोजलेल्या आकड्यावर विसंबू नका. मुलाला सरळ उभं करा, आखूड पायाखाली एकेक लाकडी फळी सरकवत जा आणि कमरेची दोन्ही हाडं एका पातळीत कधी येतात ते मागून बघा. फळ्यांची जाडी म्हणजे साधारण फरक. खरा आकडा मात्र खुब्यापासून घोट्यापर्यंतच्या उभ्या एक्स-रेवरच कळतो. हाड वाकडं आहे का, आणि मांडी किती आखूड, नडगी किती, हेही त्यावरच दिसतं.

फरक दोन सेंटीमीटरच्या आत असेल तर बुटाचा तळ जाड करून भागतं, ऑपरेशन कशाला? दोन ते पाचच्या मधे असेल आणि मूल अजून वाढत असेल, तर लांब पायाच्या गुडघ्याजवळची ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं ती कूर्चेची पट्टी, योग्य वयात बंद करतात. ते लहानसं ऑपरेशन असतं. लांब पाय थांबतो, आखूड पाय त्याला गाठतो. पण त्याला वेळ साधावी लागते. वाढ संपल्यावर तो रस्ता बंद होतो, आणि मला फोन करणाऱ्यांपैकी काही जण नेमके तेव्हाच येतात. मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर आजच हाडांच्या डॉक्टरांकडून पुढचा हिशेब मांडून घ्या. मोठं झाल्यावर फरक किती असेल, याचा बराच चांगला अंदाज त्यांना काढता येतो.

त्याहून जास्त फरक असेल, तर मग पाय लांब करण्याचा विचार. एका वेळी एका हाडात साधारण पाच सेंटीमीटर. त्यापुढचा हव्यास सांधे आणि नसा सोसत नाहीत. म्हणून माझं काम दोन टप्प्यांत झालं, आणि ते तसंच व्हायला हवं होतं.

दोन्हींत आत काय घडतं

हे समजलं की अर्धी भीती जाते. हाड बेताने कापतात. पाच-सात दिवस काहीच करत नाहीत. कापलेल्या जागी भरून येण्याची सुरुवात झाली, की दोन तुकडे रोज एक मिलिमीटर या गतीने दूर नेतात, तेही एकदम नाही, तीन-चार हप्त्यांत. मधल्या फटीत शरीर नवं हाड विणत जातं. सायबेरियातल्या कुर्गान गावात डॉ. गावरील इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात हे तंत्र उभं केलं. आजचा सर्वांत महागडा खिळासुद्धा त्याच नियमाने चालतो. फार भराभर ओढलं तर फट रिकामी राहते, फार सावकाश ओढलं तर हाड मधेच जुळून बसतं.

ओढणं थांबल्यावर ते कोवळं हाड पक्कं व्हायला, ओढायला लागला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. स्नायू आणि नसा हाडाइतक्या खुशीने लांबत नाहीत. टाच वर ओढली जाते, गुडघा आखडतो. हे रिंगमध्येही होतं आणि खिळ्यातही होतं. फरक फक्त हाड धरून ठेवणारी आणि ओढणारी वस्तू बाहेर आहे की आत, एवढाच.

रिंग : माझे साडेसात महिने

माझे बाबा साखर कारखान्यात फिटर. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांच्या हातात दहा नंबरचा पाना दिला तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल पडला, कारण पाना ही त्यांच्या ओळखीची वस्तू होती. रिंगांना एकमेकींशी जोडणाऱ्या रॉडच्या आट्यात एक मिलिमीटरचं अंतर, म्हणजे नट पूर्ण फिरवला की एक मिलिमीटर आणि पाव फिरवला की पाव. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री झोपताना. आई घड्याळ बघायची, बाबा पाना लावायचे आणि शाळेच्या जुन्या वहीत रेघ मारायचे.

आमच्याकडून एक चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. बाबा दोन दिवस बाहेरगावी गेले आणि काकांनी एका रॉडचा नट उलट फिरवला. कोणाला कळलंच नाही. परत आल्यावर बाबांनी रॉडच्या खुणा मोजल्या तेव्हा लक्षात आलं, आणि मग आठवडाभर डॉक्टरांना विचारून विचारून ते सावरलं. त्यानंतर आईने प्रत्येक नटाच्या एका बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि रिंगवर कागदाचा बाण चिकटवला. तुम्ही पहिल्याच दिवशी करा. डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांसमोर घरातल्या दोघांनी नट फिरवून दाखवायचा. एकाने नाही, दोघांनी.

पिनांचं काम रोजचं असतं. कातडीतून जिथे तार किंवा पिन आत जाते ती जागा उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाईनने पुसायची, खपली हलकेच काढायची, कोरडी करायची, स्वच्छ गॉझ गुंडाळायचा. हात आधी साबणाने धुवायचे. हळद, खोबरेल तेल, राख, शेजारच्या मावशींनी दिलेला लेप, यातलं काहीही लावायचं नाही. पिनेच्या जागी जंतुसंसर्ग इतका नेहमीचा असतो, की तो होईल असं धरूनच चाला. थोडी लाली, थोडं पाणी आलं तर ड्रेसिंग वाढवायचं आणि डॉक्टरांना फोटो पाठवायचा. पू, ठणका किंवा ताप आला तर त्याच दिवशी जायचं. मला श्रावणात दोनदा औषधं घ्यावी लागली. पावसाळ्यात घरात ओल असते, माश्या असतात. ऑपरेशनची तारीख तुमच्या हातात असेल तर ओढण्याचे दोन महिने तरी पावसाळा टाळून घ्या.

रिंगचा मोठेपणा असा, की मी तिच्यावर पूर्ण भार देऊन चालत होते. वॉकर धरून तिसऱ्या महिन्यात शाळेत गेले. मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं. बाबांनी लाकडी खुर्चीचं बूड कापून संडासावर ठेवलं. आत्याने सगळ्या सलवारींची डावी शिवण उसवून बंद लावले आणि रिंगवर चढवायला सुती पिशवी शिवली, तिला खाली नाडी. रात्री पायाखाली दोन उशा, म्हणजे टाच गादीवर घासत नाही. भाऊ माझ्या शेजारी झोपायचा तो पलंग बदलला, कारण रिंगचा कोपरा त्याच्या पोटरीला लागायचा.

माझी एकच तक्रार आहे आणि ती अजून जात नाही. ज्या रुग्णालयात हे झालं तिथे टाचेबद्दल आम्हाला कोणी काहीच सांगितलं नाही. दहा मिनिटांत कागद हातात देऊन घरी पाठवलं. नडगी लांबत होती, पोटरी मागे पडत होती आणि टाच वर चालली होती. पाचव्या आठवड्यात तपासणीला नेलं तेव्हा पाऊल खाली झुकलेलं दिसलं. मग पावलाखाली पट्टी बसवून ती रिंगला बांधली, आणि फिजिओथेरपी दिवसातून तीन वेळा सुरू झाली. नडगीचं ऑपरेशन असेल तर पहिल्या दिवसापासून जुनी ओढणी पंज्याला अडकवून पाऊल स्वतःकडे ओढायचं. दुखतं. तरी ओढायचं. त्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, पाऊल फ्रेममध्ये धरणार आहात का. ज्यांना माझ्यासारखं फिब्युलाचं दुखणं आहे त्यांचा घोटा मुळातच सैल असतो, त्यांना हा प्रश्न दुपटीने महत्त्वाचा.

तेव्हा डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली होती. वालेरी ब्रुमेल हा रशियन उंच उडीवाला, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्याचा पाय चिरडला. खूप ऑपरेशनं करून उपयोग झाला नाही, तेव्हा इलिझारोव्हांनी अशाच रिंगांनी तो पाय उभा केला आणि तो माणूस परत उड्या मारू लागला. बारा वर्षांच्या मुलीला रात्री दोन वाजता पाय ठणकत असताना त्या गोष्टीने खूप धीर दिला. तुमच्या मुलालाही सांगा.

खिळा : दुसरी वेळ

२०१९ मध्ये मी एकोणतीस वर्षांची होते, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला. ऑपरेशन मुंबईत झालं. मांडीच्या हाडाच्या पोकळीत टायटॅनियमचा खिळा बसवला. त्याच्या आत एक छोटं चुंबक आणि बारीक दातांची यंत्रणा असते. बाहेरून एक जड पेटी मांडीवर ठरलेल्या जागी ठेवायची, तिच्यातली मोठी चुंबकं फिरतात, आतलं चुंबक फिरतं आणि खिळा लांबतो. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी काही मिनिटं. पिन नाही, ड्रेसिंग नाही, साडी नेसता येते. पहिल्या रात्री मी शांत झोपले आणि बारा वर्षांच्या मला हे मिळालं नाही याचं वाईट वाटलं.

पण बारा वर्षांच्या मला तो खिळा बसवणं योग्यच नव्हतं. नडगीत खिळा घालायचा तर तो गुडघ्याकडच्या टोकातून, ग्रोथ प्लेट भेदूनच जातो, आणि वाढत्या मुलीची ती प्लेट बिघडली तर नवा वाकडेपणा तयार होतो. मांडीत मुलांनाही काही वेळा वरून, बाजूच्या उंचवट्यातून खिळा घालतात, पण हाडाची पोकळी पुरेशी रुंद हवी आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा सांभाळावा लागतो. वयाचा प्रश्न मी आधी विचारते तो यासाठी.

खिळ्याची अडचण आतली असते, म्हणून ती उशिरा कळते. रिंगमध्ये पाव फेरा झाला की डोळ्यांना दिसतो. खिळा खरंच लांबला का, हे एक्स-रेशिवाय कळत नाही. पेटी दोन बोटं सरकली तरी काम होत नाही, आणि मांडी फार जाड असेल तर चुंबकाची ओढ आत पोचत नाही. मी मांडीवर न पुसणाऱ्या पेनने खूण करून घेतली होती, आंघोळीनंतर ती रोज परत गडद करायची. ओढण्याच्या काळात दर आठवड्याला किंवा दहा दिवसांनी एक्स-रे लागतो. तुमचं गाव आणि सर्जन यांच्यात आठ तासांचा प्रवास असेल तर तेवढे दोन महिने शहरात खोली घेऊन राहा. मी चुलत बहिणीकडे डोंबिवलीत राहिले.

आणि भार. रिंगवर मी चालत होते, खिळ्यावर नाही. डॉक्टरांनी मला वीस किलोची मर्यादा घातली होती. वीस किलो म्हणजे किती, हे पायाला कळत नाही. म्हणून मी काट्याचा वजनकाटा आणला, डावा पाय त्यावर ठेवायचा आणि काटा वीसवर येईपर्यंत दाबायचा, रोज दहा वेळा. चार दिवसांत पायाला अंदाज आला. दोन कुबड्या मला साडेचार महिने होत्या. कोवळ्या हाडावर घाईने भार दिला तर खिळा वाकतो किंवा मोडतो, आणि मग सगळं नव्याने. पूर्ण भार घेणारा स्टेनलेस स्टीलचा प्रिसाइस स्ट्राइड नावाचा खिळाही निघाला होता. पण खिळ्याला गंज आणि भोवतीच्या हाडात बदल दिसू लागल्यावर २०२१ मध्ये तो बाजारातून मागे घेतला गेला. कुणी पहिल्या दिवसापासून चालवतो असं म्हणालं, तर कुठल्या खिळ्यावर, हे नाव लिहून घ्या.

गुडघ्याबद्दल मी या वेळी आधीच सावध होते. मांडी लांबताना गुडघा आखडतो, आणि जन्मतः आखूड पायात गुडघ्याचे बंध सैल असल्यामुळे तो जागेवरून सरकण्याचाही धोका असतो. रात्री गुडघा सरळ ठेवणारी पट्टी, दिवसा पालथं झोपून टाच पाठीकडे ओढणं. तिसऱ्या आठवड्यात माझा गुडघा काटकोनापर्यंतही वाकेना, तेव्हा डॉक्टरांनी गती रोज एक मिलिमीटरवरून पाऊणवर आणली. बरं झालं. गती कमी करणं म्हणजे हार नव्हे.

खिळा शरीरात कायमचा ठेवत नाहीत, साधारण वर्ष-दोन वर्षांनी काढतात, म्हणजे आणखी एक ऑपरेशन. तोवर एमआरआय करायचा नाही. तसं लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर पेटी त्यांच्यापासून दूर ठेवायची.

मग कोणाला काय

वाढतं मूल आणि नडगी : रिंग. हाड वाकडं, पिळलेलं, पाऊलही सांभाळायचं : रिंग, कारण तिच्यात कोन रोज थोडा थोडा सुधारता येतो. हल्ली सहा तिरक्या दांड्यांची फ्रेम असते, संगणक रोजचा हिशेब काढून देतो. पूर्वी हाडात पू झाला असेल तर खिळ्याचा विचार फार जपून, कारण पोकळीत जंतू पुन्हा जागे झाले तर ते खिळ्याच्या पूर्ण लांबीभर पसरतात. मोठं वय, मांडीचं हाड, सरळ, पोकळी रुंद, जंतुसंसर्ग कधी नाही : परवडत असेल तर खिळा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मांडीवरची रिंग फार छळते. जाड स्नायूंतून पिना जातात, गुडघा वाकवला की त्या ओढतात, आणि बसायचं कसं हा रोजचा प्रश्न. नडगीवर कातडी आणि हाड जवळजवळ, तिथे रिंग पुष्कळ सुसह्य.

मधला मार्गही आहे : आत साधा खिळा, बाहेर रिंग. ओढून झालं की रिंग काढतात, हाड पिकेपर्यंत खिळा सांभाळतो. रिंगचे महिने निम्म्यावर येतात. पण पिनेवाटे जंतू खिळ्यापर्यंत जाण्याची भीती असते, म्हणून पिना आणि खिळा एकमेकांना शिवणार नाहीत ना, हे विचारून घ्या.

पैशांचं खरं सांगते. परदेशी चुंबकी खिळा काही लाखांना पडतो आणि एकदाच वापरता येतो. रिंगचं सामान आपल्याकडे बनतं, त्यामानाने फार स्वस्त. रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठा आणि रिंगच्या ऑपरेशनचं पॅकेज लागू होतं का ते कागदावर लिहून घ्या. आणि ज्या आईवडिलांना खिळा परवडत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये. रिंगने लांब झालेलं माझं हाड आज तेवीस वर्षांचं आहे आणि मी त्यावर रोज दिवसभर वर्गात उभी राहते.

नुसती उंची वाढवायला दोन्ही चांगले पाय कापून घेऊ पाहणारी मुलंही विचारतात. त्यांना मी नाही म्हणते. दोन्ही मांड्यांत एकाच दिवशी खिळे घालताना मज्जेतली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसं अडण्याचा धोका असतो, जिवावर बेततं. ज्याला चालता येतं त्याने हा जुगार खेळू नये, असं मला मनापासून वाटतं.

ऑपरेशन ठरलं की आधीचे दोन महिने वाया घालवू नका. व्हिटॅमिन डी तपासा, तंबाखू आणि मशेरी पूर्ण बंद, कारण त्यांनी नवं हाड उशिरा धरतं. वेदनेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, काही गोळ्या हाड भरून यायला आड येतात. ज्या घरात राहणार तिथे कमोड, पायऱ्या आणि पलंगाची उंची बघून या. फिजिओथेरपिस्ट आधी शोधा, सर्जन नंतर ठरला तरी चालेल, इतकं मी म्हणेन.

आणि जाड तळाचा जुना बूट सांभाळून ठेवा. पाय लांबत जातो तसा त्याचा तळ कमी करावा लागतो, नाहीतर कंबर उलट बाजूला कलते. आमच्या स्टँडजवळचे चांभारकाका दर दहा दिवसांनी बरोबर एक सेंटीमीटर तासून द्यायचे. बाबा वहीतल्या रेघा मोजून त्यांना आकडा सांगायचे, आणि निघालेली रबराची चकती काका माझ्या हातात ठेवायचे. पहिल्या वेळच्या पाच चकत्या आईने डब्यात जपून ठेवल्या. दुसऱ्या वेळच्या चार मी ठेवल्यात.